शेवटची चार बोटे

रविवार, १९ जानेवारी २०२५. सकाळी सात वाजून चाळीस मिनिटे. टाकवे बुद्रुकच्या पुढे धरणाकडे जाणारा चढ जेथे संपतो, तेथे मिस्त्रींच्या सायकलीच्या मागच्या चाकातली हवा गेली. बाभळीचा काटा होता. ते उतरले. घड्याळ त्यांनी पाहिले नाही, मी पाहिले. छत्तीस वर्षे भूमिती शिकवल्यामुळे जागा आणि वेळ नोंदवण्याची मला सवय आहे.

मिस्त्री आता नाहीत. त्यांच्याविषयी कोणी काही लिहून ठेवले असेल असे वाटत नाही. म्हणून हे लिहितो.

देहूरोडच्या लष्करी डेपोत ते फिटर होते. तेथे सगळे त्यांना मिस्त्री म्हणत, म्हणून मीही म्हणत असे. ते मला सर म्हणत. मी वलवणहून निघत असे, ते देहूरोडहून. दर रविवारी साडेसहाला कान्हे फाट्यावर गाठ पडे. तेरा वर्षे हा क्रम चालला. तेरा वर्षांतले आमचे सगळे बोलणे लिहून काढले तर शंभर पानी वहीत मावेल आणि काही पाने कोरी राहतील.

त्यांची चाके समजावून सांगितल्याशिवाय त्यांच्याविषयी पुढे लिहिता येणार नाही. सर्वसाधारण सायकलीचे टायर वेगळे आणि ट्यूब वेगळी असते. मिस्त्रींची चाके जुन्या शर्यतीच्या पद्धतीची होती; पुढे मीही तशीच घेतली. त्यात ट्यूब टायरच्या आत घालून टायर खालून शिवून टाकतात आणि ते शिवलेले टायर रिमवर सोल्युशनने चिकटवतात. अशा टायरचे पंक्चर रस्त्यावर काढता येत नाही. जुने उपटायचे, सीटखाली घडी करून बांधलेले दुसरे चढवायचे, हवा भरायची आणि वळणे जपून घेत घरी यायचे. मग घरी शिलाई उसवून ट्यूबला ठिगळ लावायचे आणि टायर पुन्हा शिवायचे.

कामशेतच्या एका पंक्चरवाल्याने हे चाक पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी हजर होतो. तो टायर सगळीकडून चाचपत राहिला.

"काका, याची ट्यूब कुठंय?"

"पोटात," मिस्त्री म्हणाले.

"मग काढायची कशी?"

"ऑपरेशन करून."

त्याने चाक परत दिले आणि हात पुसले. "माझ्याकडं नको. मी कंपाउंडर पण नाही."

मिस्त्री हसले नाहीत. पण त्यानंतर सायकलीत हवा असली तरी ते त्या दुकानापाशी थांबत आणि त्याला विचारत, "शिकलात का ऑपरेशन?"

नवे टायर ते लगेच वापरत नसत. ते पलंगाखाली, अंधारात, रिकाम्या रिमवर चढवून वर्षभर ठेवत. रबर पिकावे लागते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, चहा देताना मला एकदा म्हणाल्या, "आमच्याकडं पाहुण्याला गादी नाही भाऊजी, टायराला आहे." मिस्त्रींनी बशीतून मान वर न करता उत्तर दिले, "पाहुणा ताणून द्यायला येतो. टायर ताणायला ठेवलंय."

जादा टायर ठेवण्यासाठी त्यांनी जुन्या खाकी पँटच्या पायाची पिशवी शिवली होती. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते टायरची घडी उलगडत आणि दुसऱ्या जागी मोडत. एकाच जागी घडी राहिली तर तेथे टायर मरते, असे ते सांगत. शिवणकाम त्यांनी देहूरोडच्या बाजारात चपला शिवणाऱ्या एका कारागिराकडून शिकून घेतले होते. आठ रविवार ते त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. ते त्याला उस्ताद म्हणत, आणि रस्त्यात तो दिसला की सायकलीवरून उतरत.

ते दोन जादा टायर बाळगत. एक स्वतःसाठी, दुसरे अशाच चाकांच्या, वाटेत अडलेल्या सायकलस्वारासाठी. टायर देताना अट एकच असे. नवे आणून द्यायचे नाही. हेच फाटले तर स्वतःच्या हाताने शिवून परत आणायचे. हिंजवडीच्या एका अभियंत्याने आठवड्याने नवे, खोक्यातले टायर आणले. मिस्त्रींनी खोके उघडलेसुद्धा नाही. तो गृहस्थ महिनाभराने कान्हे फाट्यावर आला, तेव्हा त्याच्या तीन बोटांना पट्ट्या होत्या. मिस्त्रींनी शिलाईवरून नख फिरवले.

"पिशवी चांगली शिवली," ते म्हणाले. "भाजी आणायला होईल. टायर शिवून आणा."

तो पुन्हा आला. त्या खेपेस मिस्त्रींनी टायर घेतले, हवा भरली, कानाशी धरले आणि ठेवून घेतले. अभियंत्याच्या तोंडावर जो आनंद मी पाहिला, तो शाळेत गुणपत्रिका वाटताना मला क्वचितच दिसला आहे.

त्यांचा नियम मात्र यापेक्षा कठोर होता आणि तो त्यांनी फक्त स्वतःला लावला होता. टायर रिमवर चढवताना बहुतेक भाग सहज बसतो. शेवटची चार बोटे रुंदीची जागा राहते आणि तेथे टायर अडून बसते. तेवढे अंगठ्यांच्या जोराने चढवावे लागते. पान्हा किंवा पट्टी लावली तर टायर दुखावते. मिस्त्री म्हणत, "ज्या दिवशी ही चार बोटं माझ्या हातानं चढणार नाहीत, त्या दिवशी सायकल भिंतीला. दुसऱ्याच्या जिवावर रस्त्यावर यायचं नाही." हे ते भावनेने म्हणत नसत. डेपोतल्या फलकावरची सूचना वाचावी तसे म्हणत.

नोव्हेंबरात मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांच्याने सोल्युशनच्या डब्याचे झाकण निघेना. बोटांचे सांधे सुजले होते. ते आत गेल्यावर वहिनी दारात हळू आवाजात म्हणाल्या, "दोन महिने झाले. सकाळी शर्टाचं बटण मी लावते. भाऊजी, सायकल सुटली तर हा माणूस काय करेल हो?"

उत्तर देण्याऐवजी मी एक काम केले. ते येथे लिहिणे भाग आहे.

त्या दिवशी मिस्त्रींनी मला एक पिकलेले टायर दिले. त्यांच्या रिकाम्या रिमवर दुसरे होते, म्हणून हे चार दिवस माझ्या घरच्या रिकाम्या रिमवर ताणून, सोल्युशनचा हात देऊन परत आणायचे होते. मी ते चार दिवस नव्हे, पाच आठवडे ठेवले. दर तिसऱ्या दिवशी हवा हवी त्याहून जास्त भरली. मधून मधून काढून, एक बाजू पायाखाली दाबून दुसरी दोन्ही हातांनी वर खेचली. पाचव्या आठवड्यात ते टायर रिमवर बांगडीसारखे पडू लागले. माझी खात्री झाली की आता कितीही दुखऱ्या हातांनी ते चढेल. मग त्याला सोल्युशन लावले, वाळवले, घडी घातली आणि नेऊन दिले.

त्यांनी ते उघडून पाहिले नाही. तसेच खाकी पिशवीत घातले. माझ्या हातून आलेली वस्तू ते तपासत नसत.

आता त्या सकाळकडे येतो. दुसरे टायर आदल्या रविवारी कोणाला तरी दिलेले होते. पिशवीत माझे एकच होते. माझ्या सीटखाली माझे स्वतःचे एक होते, ते नेहमीसारखे घट्ट.

मिस्त्रींनी चाक काढले. जुने टायर उपटायलाच त्यांना दहा मिनिटे लागली. एरवी दोन लागत. मी पुढे झालो नाही. मग त्यांनी पिशवीतले टायर काढले, हवेचे तोंड भोकात बसवले, चाक बुटांवर टेकवले आणि दोन्ही बाजूंनी टायर खाली ओढत आणले. शेवटची चार बोटे आली. त्यांनी अंगठे लावले. टायर आपोआप आत पडले.

ते थांबले. मग अंगठ्याने टायर आडवे ढकलले. ते सरकले.

"सर, हे किती दिवस रिमवर होतं?"

"पाच आठवडे."

"हवा?"

"जास्त भरली होती."

"आणि?"

"पायाखाली धरून ओढलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. स्वतःच्या हातांकडे पाहिले.

"आमच्या घरून सांगितलं?"

"नाही. मी ठरवलं."

"इथून खाली पूल आहे," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. "पुलाआधी वळण. तिथं हे रिम सोडून बाजूला पडलं असतं. मी त्याच्याबरोबर. तुम्ही मागून बघितलं असतं."

मला हे ठाऊक असायला हवे होते. सैल टायर वळणावर रिमवरून निसटते, हे त्यांनीच मला पहिल्या वर्षी शिकवले होते. मला फक्त त्यांचे हात दिसत होते, वळण दिसले नाही. एखाद्या विद्यार्थ्याने अशी चूक केली असती तर मी त्याला वर्गाबाहेर उभे केले असते.

त्यांनी सैल टायर काढून रस्त्याच्या कडेला ठेवले. "तुमचं द्या."

मी माझे दिले. ते देताना मला माहीत होते की हे चढले नाही तर मिस्त्रींची सायकल आजपासून भिंतीला. त्यांनाही माहीत होते.

"आता हात मागं," ते म्हणाले. मी हात मागे बांधले.

पहिल्या खेपेस सहा बोटे राहिली आणि टायर उसळून पुन्हा बाहेर आले. दुसऱ्या खेपेस पाच. अंगठे पांढरे पडत. तेवढ्यात धरणाकडून दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल आली. चालवणारा शेतकरी पन्नाशीचा असेल. त्याने पाय टेकले.

"काय झालं आबा? पंक्चर व्हय?"

"व्हय."

"चला की मग, टाकव्यात ग्यारेज हाय. चाक घ्या मांडीवर, सोडतो."

"नको."

शेतकऱ्याने माझ्याकडे पाहिले. "आन् तुमी काय हुभं ऱ्हायलाय पाव्हणं? हात लावा की वाईच."

"मला लावता येत नाही," मी म्हणालो.

"का? भांडान झालंय काय दोघांचं?"

"व्हय," मिस्त्री चाकावरून म्हणाले.

"आसं हाय तर!" त्याने गाडी बंद केली. "मग मी बी बगतो. दूध काय लगीच नासत न्हाई."

तिसरी खेप. चार बोटे. टायर पुन्हा उसळले. मिस्त्री दगडावर बसले आणि दोन्ही हात काखेत धरून राहिले. थंडी होती, त्यात ती बोटे अधिकच आखडली असणार.

"मिस्त्री," मी म्हणालो, "अर्धा तास झाला."

"नियमात घड्याळ नाही, सर."

चढावरच्या ठाकरवाडीतून एक म्हातारी लाकडाची मोळी घेऊन खाली आली. तिने मोळी बांधावर टेकवली, चुंबळ काढली आणि बघत बसली. चौथी खेप तिने अथपासून इतिपर्यंत पाहिली. मग म्हणाली, "सोडून का देतोस रं दर येळंला?"

मिस्त्रींनी वर पाहिले.

"म्हंजी?"

"मिळीवतोस आन् सोडतोस. मोळी आवळताना आमी आसं करतो व्हय? येल वढायचा, वढला तेवढा पायाखाली दाबायचा, मंग दम खायचा, मंग फुडं वढायचा. येका दमात कुनाची मोळी आवळती? तुज्या हातात जोर न्हाई तर न्हाई. जेवढं चढलं तेवढं बांधून ठिव की."

शेतकरी हसला. "मावशे, ते सायकलवालं हायती, लाकूडवालं न्हाईत."

"मला काय करायचंय? आवळायची रीत येकच."

मिस्त्री उठले. खाकी पिशवी सीटला बांधणारा चामडी पट्टा त्यांनी सोडला. माझ्या टायरचा पट्टा माझ्याकडे हात करून मागितला. मी दिला. पट्टा म्हणजे पान्हा नव्हे, त्याने टायर दुखावत नाही. आणि सल्ला म्हणजे हात नव्हे. हे ते बोलले नाहीत, पण त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी मान हलवली.

मग जे घडले तसे मी आधी कधी पाहिले नव्हते. त्यांनी अंगठे वापरायचे सोडले. तळहातांच्या मुळांनी टायर दाबत आणले, एका बाजूला जेथवर चढले तेथे टायर आणि रिम मिळून पट्ट्याने आवळले. दुसऱ्या बाजूला तसेच. पट्टा ओढायला बोटे वळेनात, म्हणून टोक दातांत धरले. मग बसले. श्वास घेतला. उठले, एक बोटभर टायर चढवले, पट्टा सरकवला, पुन्हा बसले. शेतकऱ्याने तपकिरीची डबी काढली होती, ती हातातच राहिली. म्हातारी प्रत्येक बोटाला "हां" म्हणत होती, फार हळू. माझे हात मागे होते आणि ते मी इतके घट्ट धरले होते की नंतर मनगटावर वळ दिसले.

दोन बोटे राहिली. तेथे वीस मिनिटे गेली. उजव्या तळहाताचे साल निघून रिमला रक्त लागले. ते त्यांनी बाहीने पुसले. रक्तावर सोल्युशन धरत नाही.

आठ वाजून पंचावन्न मिनिटांनी टायर आत गेले.

शेतकरी "आयला!" म्हणाला आणि गाडीवरून उतरला. म्हातारी उठली. "चढलं?"

"चढलं, मावशी," मिस्त्री म्हणाले. वयाने ती त्यांच्याएवढीच असेल. त्यांनी दोन्ही हात जोडले. बोटे सरळ होत नव्हती, त्यामुळे नमस्कार अर्धवट दिसला.

"पाया कशापायी पडतोस? मोळी धर वाईच, डोक्यावर घिऊं दी."

त्यांनी त्या हातांनी मोळीला टेका दिला. मी दुसरीकडून दिला. तेव्हा त्यांनी मला अडवले नाही.

त्यांनी हवा भरली, चाक फिरवून टायर सरळ बसले आहे ना ते पाहिले, एका जागी वाकडे होते तेथे पुन्हा हवा काढून सरळ केले. अंगठ्याने आडवे ढकलले. हलले नाही. मग चाक सायकलीला लावले, आणि पुलाआधीचे वळण चालण्याच्या वेगाने घेतले. मी मागून पाहत होतो. टायर रिमवर होते.

टाकव्यात चहा घेतला. पेला त्यांनी दोन्ही तळहातांत धरला. मी त्यांच्या हातांकडे पाहू नये असे ठरवले होते. ते जमले नाही. सत्तरीनंतर माणसाला बळ कोठून मिळते याविषयी माझ्या काही पक्क्या समजुती होत्या. त्या मला मोडाव्या लागल्या. अशक्त तर मी ठरलो होतो. तेरा वर्षे ज्याला पाहिले, त्याची ताकद मला मोजता आली नाही.

कान्हे फाट्यावर त्यांनी सैल टायर माझ्या हातात दिले.

"हे कापा. आज. तुम्हीच."

"कापतो."

"नुसतं ठेवू नका. कोणीतरी उचलतो, लावतो."

"कापतो म्हटलं."

ते पेडलवर पाय ठेवून थांबले. मला विचारायचे होते ते विचारले. "पुढल्या रविवारी?"

"साडेसहा," ते म्हणाले आणि देहूरोडकडे गेले. गियर बदलायला त्यांची बोटे चालत नव्हती हे मला दिसले. चढावर ते उभे राहून, आहे त्याच गियरमध्ये गेले.

माझ्या सीटखाली आता काही नव्हते. वलवणपर्यंतचा रस्ता मी काचा आणि काटे पाहत आलो. साडेअकरा झाले होते. जेवण करून पडवीत बसलो. पत्रा कापायची कात्री काढली. टायर आधी उभे चिरले, शिलाईवरून नव्हे, कडेने. शिलाईवरून चिरलेले कोणीही पुन्हा शिवू शकतो. मग आडवे तीन ठिकाणी तोडले. कात्रीच्या पात्याला सोल्युशन चिकटले होते. ते पेट्रोलच्या बोळ्याने पुसले आणि कात्री खिळ्याला अडकवली.